पटावर कोणी लिंबूटिंबू नको

तुमच्या घरात साडेचार वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा पुतण्या आहे, त्यांच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई खेळायला बसतात, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि रविवारी दुपारी मांडलेला प्रत्येक डाव लहानाच्या रडण्याने किंवा मोठ्याच्या उठून जाण्याने मोडतो. तीन हजार रुपयांच्या आत सर्वांना एकत्र खेळता येईल असा कोणता खेळ घ्यावा, आणि तेरा वर्षांच्या मुलाने लहानांसाठी मुद्दाम हरावे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. गेली एकोणीस वर्षे मी पुण्यात बैठ्या खेळांचे एक छोटे वाचनालय चालवते. तिथून कुटुंबे पुस्तकांप्रमाणे खेळ घरी नेतात आणि पंधरा दिवसांनी परत आणतात. परत आलेल्या प्रत्येक खोक्याबरोबर डाव कसा रंगला, कोण कंटाळले, कोण रडले, हे मी विचारून घेत आले आहे. पुढचे उत्तर बव्हंशी त्या विचारपुशीतून आले आहे.

अंगणातल्या खेळांमध्ये आपल्याकडे लिंबूटिंबूची फार जुनी आणि प्रेमळ सोय आहे. लपंडावात किंवा पकडापकडीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि मोठ्यांबरोबर धावायला मिळते एवढ्यावर तो खूश असतो, कारण धावण्याचा आनंद त्याला पुरेपूर मिळालेला असतो. पटावर मात्र ही सोय उलटते. पटावरच्या खेळात धावणे नसते, फक्त आपली पाळी असते, आणि त्या पाळीला काही अर्थ नाही हे साडेचार वर्षांच्या मुलालाही दोन फेऱ्यांत कळते. गंमत अशी की मोठ्या मुलाचेही तेच होते. ज्या खेळात त्याला काही ठरवायचेच नसते, तिथे तो वयाने मोठा असूनही लिंबूटिंबूच असतो, आणि म्हणून तो उठून जातो. तेव्हा खेळ निवडताना मी एकच कसोटी लावते. सर्वांत धाकट्याला स्वतःच्या पाळीत स्वतःच्या हाताने करता येईल असे काही आहे का, आणि सर्वांत थोरल्याला त्याच पटावर विचार करून ठरवावे लागेल असे काही आहे का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच तो खेळ तुमच्या घरातल्या वयाच्या अंतराला पुरतो.

खोक्यावर छापलेले वय या कसोटीला फारशी मदत करत नाही. त्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही, ही सूचना सुरक्षिततेची असते आणि ती अक्षरशः पाळावी. भारतात खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. उलट, परदेशी खेळांवर दिसणारा १४+ हा आकडा पुष्कळदा खेळाच्या कठीणपणाचा नसतो. मुलांच्या वस्तूंना ज्या चाचण्या सक्तीच्या आहेत त्या टाळण्यासाठी उत्पादक तो छापतात, आणि तसे कितीतरी खेळ दहा वर्षांची मुले सहज खेळतात. ८+ असे लिहिलेले असते तेव्हा त्यात वाचता येणे गृहीत धरले आहे, गुणाकार गृहीत धरला आहे, की केवळ चाळीस मिनिटे बसता येणे, हे खोके उघडून पाहावे लागते. तुमच्या घरी मुले मराठी माध्यमातली असतील तर ज्या पत्त्यांवर इंग्रजी मजकूर छापलेला आहे असा खेळ आठ वर्षांच्या मुलीलाही परावलंबी करतो, मग तो कितीही सोपा असो.

सुरक्षिततेचे आणखी थोडे येथेच सांगून टाकते. गिळण्याचा धोका मोजण्यासाठी खेळण्यांच्या मानकांत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, आणि जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलाला देत नाहीत. कवडी, फासा आणि चिंचोका तर त्यात मावतातच, पण कॅरमची सोंगटीदेखील ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणजे तीही बहुधा मावेल. तुमचा मुलगा साडेचारचा असला तरी रविवारी शेजारचे दीड वर्षाचे बाळ रांगत येत असेल तर पट जमिनीवर न मांडता टेबलावर मांडावा. कॅरमवर टाकायची पावडर बहुतेक वेळा बोरिक पावडर असते आणि ती पोटात जाणे घातक असते. म्हणून कॅरम संपल्यावर धाकट्याचे हात साबणाने धुऊन मगच त्याच्या हातात खाऊ द्यावा.

आता खेळांकडे वळते, आणि सुरुवात विकत न घ्यायच्या खेळापासून करते, कारण तुमच्या घराला सर्वांत चपखल बसणारा खेळ बहुधा तुमच्या सासूबाईंना आधीच येत असेल. चल्लस-आठ, अष्टा-चंगा अशा नावांनी ओळखला जाणारा हा खेळ पाच गुणिले पाच घरांच्या पटावर चार कवड्यांनी खेळतात. बाहेरच्या फेरीत सोळा घरे, आतल्या फेरीत आठ आणि मधोमध एक, अशी पंचवीस घरे होतात. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर फुली असते आणि फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. सोंगटी बाहेरून फिरते, मग आत वळते आणि शेवटी मधल्या घरात पोहोचते. पुष्कळ घरांत निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत जायला मिळत नाही. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, एरवी जितक्या उताण्या तितके दान. कवड्या नसतील तर दोन चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार डाळिंब्या करतात, आणि पांढरी बाजू वर पडली की ती मोजतात.

या खेळात वयाचे अंतर कसे सामावले जाते ते पाहा. साडेचार वर्षांच्या मुलाला कवड्या खुळखुळवून टाकता येतात, चारपर्यंत मोजता येते आणि सोंगटी सरकवता येते, म्हणजे त्याची पाळी पूर्णपणे त्याची असते. आठ वर्षांच्या मुलीपुढे प्रत्येक दानाला प्रश्न असतो की चारपैकी कोणती सोंगटी चालवायची, फुलीवर थांबायचे की पुढे जायचे. आणि तेरा वर्षांच्या मुलासाठी याच्या तळाशी एक सुंदर गणित आहे. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी मानली तर चार कवड्यांचे सोळा प्रकार होतात. त्यांपैकी सहा प्रकारांत दोनाचे दान पडते, चार प्रकारांत एकाचे, चार प्रकारांत तिनाचे, आणि चार व आठ ही दाने सोळांतून एकेकदाच पडतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपुढे दोन घरांवर आपली सोंगटी उघडी ठेवणे हे सर्वांत धोक्याचे, आणि चार घरांवर ठेवणे त्या मानाने बरेच निर्धोक. फाशाच्या सहा बाजूंना हे लागू होत नाही, कारण तिथे सर्व दाने सारखी पडतात. खऱ्या कवड्या मात्र एका बाजूला फुगीर असल्याने सारख्या पडत नाहीत, आणि आपल्या घरातल्या कवड्या कशा पडतात हे दोनशे वेळा टाकून वहीत मांडण्याचे काम मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना देते. जो मुलगा लुडोला बाळबोध म्हणून नाक मुरडतो, तो या कामानंतर चल्लसला वेगळ्या नजरेने बसतो.

लुडोची गोष्ट निघालीच आहे तर त्यातला एक दोष दुरुस्त करून घ्यावा. लुडो हे आपल्याच पचीसीचे रूप आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले, आणि कवड्यांच्या जागी एक फासा आला. त्या फाशावर सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, आणि पहिल्या चार पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात अठ्ठेचाळीस असते. दहा पाळ्यांनंतरही शंभरात सोळा वेळा मूल घरातच अडकलेले राहते. मोठ्यांना हे चालते, साडेचार वर्षांच्या मुलाला ते शिक्षेसारखे वाटते. डाव सुरू होतानाच प्रत्येकाची एक सोंगटी बाहेर ठेवली की लुडोत होणारे निम्मे रडणे तिथेच थांबते, असा माझा अनेक घरांतला अनुभव आहे.

साप-शिडीबद्दल मी थोडी अधिक काळजीने लिहिते, कारण प्रत्येक घरात ती असते आणि बहुतेक घरांत ती अपुरी वापरली जाते. आपल्याकडे मोक्षपटाच्या रूपाने तिची परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वरांशीही तिचे नाते सांगितले जाते. पण आजच्या शंभर घरांच्या पटात खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, त्यामुळे थोरला तिथे केवळ फासा टाकणारे यंत्र होतो. यावर साधा उपाय असा की प्रत्येकाने दोन सोंगट्या घ्याव्यात आणि पडलेले दान कोणत्या सोंगटीला द्यायचे ते ठरवावे. एवढ्या बदलाने सापाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सोंगटीला थांबवून दुसरी चालवण्याची संधी मिळते आणि खेळात विचार येतो.

धाकट्यासाठी मात्र साप-शिडीचे मोल वेगळेच आहे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळापूर्व वयाच्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा सरळ रेषेतला पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत मिळून सुमारे एक तासच मुले खेळली, तरी आकड्यांच्या लहान-मोठेपणाची त्यांची समज स्पष्टपणे सुधारली. तसाच पण आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत ती सुधारणा दिसली नाही. पुढच्या अभ्यासात गोल पटाचा फायदाही सरळ पटाइतका आढळला नाही. यातून माझ्यासारखीने दोन गोष्टी घेतल्या. एक, चार-साडेचार वर्षांच्या मुलाला शंभर घरांचा, प्रत्येक ओळीत दिशा बदलणारा पट सुरुवातीला देऊ नये. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून त्यावर एक ते वीस घरे आखावीत, तीत दोन छोट्या शिड्या आणि एक साप काढावा, आणि त्यावर महिनाभर खेळावे. दोन, सोंगटी सरकवताना दरवेळी एक, दोन, तीन असे न मोजता ज्या घरांवरून ती जाते त्यांची नावे घ्यावीत. सोंगटी चौदावर असेल आणि तीन पडले असतील तर पंधरा, सोळा, सतरा म्हणत जावे. मराठीत ही सवय दुहेरी उपयोगाची आहे. आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो, एकोणतीस आणि एकोणचाळीस ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात, आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी कितीतरी मुले तिथे अडखळतात. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला शंभर घरांच्या पटावर हे मोठ्याने म्हणण्याचे काम द्यावे. धाकट्याला ती शिकवते आहे असे तिला वाटेल, आणि तेही खरेच असेल.

पटाच्या जोडीने पत्त्यांचा एक जोड घरात असावा, त्याला फारसा खर्च नाही. भिकार-सावकारात काहीच ठरवायचे नसते, म्हणून तो धाकट्याचा आणि आजीचा खेळ. बदाम सात मात्र तुमच्या चौघांना एकाच पातळीवर आणतो. सत्तीपासून वर आणि खाली क्रमाने पाने लावायची असल्याने आठ वर्षांची मुलगी पहिल्याच डावात खेळू लागते. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र लवकरच उमगते की हातातली चौकट सत्ती लगेच टाकली की इतरांची वाट मोकळी होते आणि ती अडवून धरली की सर्व अडतात. धाकट्याने आजीच्या जोडीने एकच हात धरावा. आजीला बारीक चिन्हे दिसत नाहीत, त्याला दिसतात. पुढे कोणते पान लावता येईल हे त्याला आठवत नाही, ते आजीला आठवते. वयाच्या दोन टोकांची ही जोडी मी मुद्दाम लावते, कारण यात दोघांपैकी कोणीही दुसऱ्यावर उपकार करत नाही. लहान हातात तेरा पाने मावत नाहीत, त्यासाठी चपलेच्या रिकाम्या खोक्याचे झाकण उलटे करून खोके त्यात उभे ठेवावे आणि मधल्या फटीत पाने खोचावीत.

याच पत्त्यांतून जोड्या लावण्याचा खेळही होतो. लाल एक्का लाल एक्क्याशी, काळी दुर्री काळ्या दुर्रीशी, अशा बारा जोड्या पालथ्या मांडायच्या आणि एका पाळीत दोनच पाने उलटून पाहायची. चार ते सहा वर्षांची मुले या खेळात मोठ्यांची खरोखर बरोबरी करतात, कित्येकदा त्यांना मागेही टाकतात. मोठ्यांनी येथे जराही ढिलाई करू नये, कारण सवलतीची गरजच नसलेला असा दुसरा खेळ सहसा सापडत नाही. आपल्या दादाला आपण खरेच हरवले, हे ज्या मुलाला आठवड्यातून एकदा अनुभवायला मिळते, ते इतर खेळांतली हार पुष्कळ शांतपणे घेते.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न. मुद्दाम हरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मुलाला ते कळू लागते, आणि कळले की त्याने मिळवलेला प्रत्येक विजय त्याला मागे वळून खोटा वाटू लागतो. मात्र सवलत द्यावी, आणि ती डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरवून द्यावी. बुद्धिबळात थोरल्याने वजीर काढून खेळावे. धाकटीने लागोपाठ दोन डाव जिंकले की वजीर पटावर परत यावा आणि त्याऐवजी एक हत्ती काढला जावा. कॅरममध्ये थोरल्याने डाव्या हाताने स्ट्रायकर मारावा. साप-शिडीत धाकट्याला दोन फासे टाकून त्यांतले हवे ते दान घेऊ द्यावे. अशा उघड सवलतीत थोरल्याला पूर्ण जोर लावून खेळता येते, आणि त्याच्यासाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते. सवलत कमी होत जाणे हा धाकट्याचा मान असतो आणि मुले तो हिशेब आपल्या आईवडिलांपेक्षा नेमका लक्षात ठेवतात.

वाट पाहण्याचा हिशेबही खरेदीपूर्वी करावा. पाच जण खेळत असतील आणि प्रत्येकाच्या पाळीला दीड मिनिट लागत असेल तर धाकट्याला दोन पाळ्यांमध्ये सहा मिनिटे नुसते बसावे लागते, आणि साडेचार वर्षांच्या मुलाने सहा मिनिटांत सोंगट्या विस्कटल्या तर तो त्याचा दोष नाही. चल्लसमध्ये एका पाळीला जेमतेम पंधरा सेकंद लागतात, म्हणून तिथे तो टिकतो. याच कारणाने व्यापाराचा खेळ मी तुमच्यासारख्या घराला सुचवत नाही. त्यात पैसे संपलेला खेळाडू बाहेर पडतो, आणि बाहेर पडणारा बहुतेक वेळा सर्वांत लहान असतो. सुरुवातीच्या वर्षांत मी तो एका कुटुंबाला आग्रहाने दिला होता. त्यांची सहा वर्षांची मुलगी अर्ध्या तासात कफल्लक झाली आणि पुढचा दीड तास इतरांचा डाव पाहत बसली. पंधरा दिवसांनी खोके परत आले तेव्हा ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून कोणी मध्येच बाद होते का, हे मी सर्वांत आधी पाहते.

सर्वांनी मिळून पटाविरुद्ध खेळायचे खेळ तुमच्या रडण्याच्या तक्रारीवर बराच उतारा देतात. जर्मनीतल्या हाबा या कंपनीने १९८६ साली काढलेला ऑर्चर्ड हा यांतला लहानांसाठीचा नामांकित खेळ. त्याचे अधिक छोटे रूप तुम्ही घरीच करू शकाल. चार रंगांची चार झाडे काढा आणि प्रत्येकावर चार बटणे फळे म्हणून ठेवा. एका कावळ्याला बागेपर्यंत पाच घरांची वाट द्या. फाशाच्या चार बाजूंवर चार रंग, एका बाजूवर टोपली आणि एका बाजूवर कावळा चिकटवा. रंग पडला तर त्या झाडाचे फळ उतरवायचे, टोपली पडली तर हव्या त्या झाडाचे, आणि कावळा पडला तर तो एक घर पुढे. कावळा बागेत शिरण्याआधी सोळाही फळे उतरली तर सर्व जिंकले. टोपली पडल्यावर कोणत्या झाडाचे फळ घ्यावे, हा या खेळातला एकमेव निर्णय. ज्या झाडावर सर्वांत जास्त फळे उरली आहेत त्याचे घ्यावे, हे आठ वर्षांच्या मुलीने स्वतः शोधून काढेपर्यंत कोणी सांगू नये.

मोठ्या मुलांसाठीचा असा खेळ म्हणजे मॅट लीकॉक यांचा २०१० सालचा फॉरबिडन आयलंड, त्यात दोन ते चार जणांनी बुडत्या बेटावरून चार खजिने घेऊन निसटायचे असते. अशा खेळात एक धोका मात्र असतो. थोरला सर्वांच्या पाळ्या स्वतःच खेळू लागतो आणि बाकीचे त्याचे हुकूम पाळत बसतात, म्हणजे लिंबूटिंबू पुन्हा आलाच. माझ्या वाचनालयात यासाठी एकच नियम आहे. ज्याची पाळी आहे त्याने विचारल्याशिवाय कोणी सल्ला द्यायचा नाही, आणि विचारले तरी दोन पर्याय सांगायचे, एक नाही.

तुमचे तीन हजार रुपये मी कसे खर्च केले असते, तेही सांगते. विकत घ्यायचा एकच खेळ निवडायचा झाला तर मी किंगडोमिनो घेतला असता. ब्रुनो कातला यांच्या या खेळाला २०१७ साली जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. तो दोन ते चार भिडूंचा आहे, पण आजी आणि धाकटा यांची एक जोडी धरली तर तुमच्यासह तुम्ही पाचही जण बसता. खेळात ४८ जोडफरशा असतात, त्यांवर शेत, जंगल, पाणी अशी दोन-दोन चित्रे असतात आणि अक्षर एकही नसते. प्रत्येकाने पाच गुणिले पाच घरांचे आपले राज्य रचायचे. रंगाला रंग जुळवून फरशी लावणे धाकट्याला जमते. शेवटी एकेका प्रदेशातली घरे गुणिले त्यातले मुकुट, असे गुण मोजायचे असतात, आणि तिसरीत पाढे शिकणाऱ्या मुलीला हिशेबनीस नेमले की ती ते काम दुसऱ्या कोणाला करू देत नाही. थोरल्यासाठी यात एक चतुर तिढा आहे. या फेरीत चांगली फरशी उचलली की पुढच्या फेरीत निवडीचा क्रम मागे जातो. आता हवे ते घ्यायचे की पुढच्या वेळी आधी निवडायचे, हा विचार त्याला शेवटच्या फरशीपर्यंत गुंतवून ठेवतो, आणि सगळा डाव साधारण वीस मिनिटांत संपतो.

उरलेल्या पैशांत ५४ ठोकळ्यांचा लाकडी मनोरा घ्यावा, कारण लहान बोटे तिथे खरोखर कामाला येतात आणि आजीलाही चष्म्याविना ठोकळा चाचपून काढता येतो. डॉबल हा ५५ गोल पत्त्यांचा झटपट खेळही चांगला आहे. त्यातल्या कोणत्याही दोन पत्त्यांवर नेमके एकच चित्र समान असते आणि ते आधी शोधायचे असते. पण तुमच्या घरी तो मी दोन वर्षांनी घेईन. सध्या धाकटा त्यात मागे पडेल आणि आजीला तो त्रासदायक होईल. कोणत्याही खेळात लाल आणि हिरव्या सोंगट्या असतील आणि एखादा मुलगा त्यांत वारंवार गोंधळत असेल तर त्याला रागावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. हे दोन रंग वेगळे न दिसणे मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळते. तोवर एका रंगाच्या सोंगट्यांना टिकली चिकटवली की काम भागते.

पुतण्यासाठी एक वेगळी विनंती आहे. सर्वांच्या बैठकीला वीस मिनिटांची मर्यादा ठेवा, आणि धाकटा झोपायला गेला की अर्धा-पाऊण तास फक्त त्याचा राखून ठेवा, त्यात तुम्ही किंवा त्याच्या काकांनी त्याच्याशी बुद्धिबळ किंवा किंगडोमिनो पुरा जोर लावून खेळावे. ज्या मुलाला आपल्या बरोबरीचा डाव मिळणार हे ठाऊक असते, तो चल्लसच्या पटावरून मध्येच उठत नाही. त्याने तरीही एखाद्या रविवारी नकार दिला तर ओढून बसवू नये, फक्त कवड्यांची नोंदवही त्याच्याकडेच राहू द्यावी.

खरेदी पुढच्या महिन्यात केली तरी चालेल. या रविवारी फरशीवर खडूने पंचवीस घरे आखा, आणि नियम तुम्ही न सांगता सासूबाईंना सांगू द्या. सोंगटी कोणत्या दानावर बसते, चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचे का, मारल्याशिवाय आत जाता येते का, हे गावागावांत वेगळे असते, आणि मुलांचे पहिले भांडण त्यावरूनच होईल. त्या सांगतील ते आठ वर्षांच्या मुलीने ठळक अक्षरांत, आजीला वाचता येईल एवढे मोठे, एका कागदावर लिहावे. पुढे पुठ्ठ्याचा पट कराल तेव्हा तो कागद त्याच्या पाठीला चिकटवून टाका.